चपटा मणी

मॉयसबाख, ११ नोव्हेंबर १९९८

प्रिय आर्नुल्फ,

आज सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी आमचा कार्निव्हलचा हंगाम सुरू झाला आणि मी चौकातला नाच सोडून तुला पत्र लिहायला बसले. तुझ्या वाढदिवसाची मला किती काळजी, ते यावरून ओळख. बाहेर बँड वाजतोय. सुरात नाही, पण मनापासून.

तुला भेट काय द्यायची, हा दरवर्षीचा छळ. तुला युद्धातल्या पदकांशिवाय कशात गोडी नाही, आणि ती दुकानात मागायची मला लाज वाटते. म्हणून आमच्या कार्निव्हलच्या मूर्ख मंडळाचंच एक पदक पाठवतेय, १९५५ सालचं. आजोबांनी आपल्या कारखान्यात स्वतः ठोकलेलं. माझ्याकडे दोन होती. क्रॉसचा आकार, मधोमध विदूषकाची टोपी. तुझ्या त्या गंभीर कपाटात हे टांग, म्हणजे बाकीच्यांना जरा हसू फुटेल.

आता खरी बातमी. या हंगामात मंडळाला अठ्ठ्याऐंशी वर्षं होतायत. शंभरचं कौतुक तुम्हा हॅनोवरकरांना, आम्ही मूर्खांच्या आकड्यात, अकराच्या पटीत मोजतो. त्यानिमित्त नगरपालिका नव्या सभागृहाला आजोबांचं नाव देणार आहे. क्विरिन लांगेल सभागृह! मंडळाची अध्यक्ष म्हणून नऊ वर्षं मी यासाठी उंबरे झिजवले. दारावर संगमरवरी पाटी बसेल: ‘युद्धाच्या काळातही ज्यांनी फक्त बटणं बनवली.’ हे वाक्य माझं. महापौरांनी ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले, निदान तसं त्यांनी दाखवलं.

कार्निव्हलच्या रविवारी, १४ फेब्रुवारीला अनावरण आहे. आजोबांचं दुसरं नातवंड तूच. ये. टोपी घालावी लागेल.

तुझी मामेबहीण,
गिझेला


हॅनोवर, १९ नोव्हेंबर १९९८

प्रिय गिझेला,

तुझी भेट मिळाली. खरं सांगायचं तर मी ती आधी जादा किल्ल्यांच्या खणात टाकली होती. विदूषकाच्या टोपीशी माझं कधीच जमलं नाही. परवा सहज भिंगाखाली धरली आणि खुर्चीतून उठलो तो अजून बसलेलो नाही. हेही उभ्यानंच लिहितोय.

नीट वाच. वरवर पाहिलं तर सगळे लोखंडी क्रॉस सारखे दिसतात, कारण या शौर्यपदकाचा नमुना सरकारनं एकच दिला होता. पण साचा प्रत्येक कारखान्यानं आपापला कोरला. काहींनी वरच्या कडीवर आपला आकडा ठोकला, काहींनी ठोकला नाही. न ठोकणाऱ्यांना त्यांच्या साच्यातल्या खोडीवरून ओळखायचं. माझं पुस्तक त्याचंच आहे, ‘जर्मन युद्धपदकांचे निर्माते’. सगळी प्रकरणं झाली, एकच अडलंय: माझा अज्ञात निर्माता. याच्या प्रत्येक क्रॉसवर वरच्या भुजेतल्या मण्यांच्या ओळीत चौथा मणी चपटा असतो.

असे दोन क्रॉस माझ्याकडे आहेत. एक मी एका युद्धविधवेकडून घेतला, १९४२ च्या सरकारी कागदासकट. दुसरा माझ्या बाबांचा. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत, शूर माणसं बोलत नाहीतच. पण ते पूर्वेच्या आघाडीवर होते आणि मी सगळी जुळवाजुळव करून १९४३ चा हिवाळा नक्की केलाय. त्यांच्या क्रॉसवर चपट्या मण्याखेरीज खालच्या भुजेवर खसखशीच्या दाण्याएवढी गाठ आहे. साचा तडकला की तड्यात धातू शिरतो आणि पदकावर अशी गाठ उठते. तडा वाढत जातो, कधी बुजत नाही. विधवेच्या क्रॉसवर गाठ नाही, बाबांच्या क्रॉसवर आहे. म्हणजे साचा या दोहोंच्या मध्ये तडकला. या एका मुद्द्यावर मी अकरा पानं लिहिली आहेत.

आता बस खाली. तुझ्या टोपीवाल्या क्रॉसवर चौथा मणी चपटा आहे. गाठही आहे, तीच, तिथेच.

गिझेला, अज्ञात निर्माता म्हणजे आपले आजोबा! बाबांच्या छातीवरचा क्रॉस त्यांच्याच सासऱ्यांनी घडवलेला होता, आणि दोघांनाही ते कळलं नाही! मी सव्वीस वर्षं कस्टम्समध्ये नकली घड्याळं आणि नकली अत्तरं पकडतोय, माझी नजर चुकायची नाही. प्रकरणाचं नाव ठरलं: ‘लांगेल, मॉयसबाख’. वसंतात पुस्तक छापायला जाईल.

अत्यानंदात,
आर्नुल्फ


मॉयसबाख, २४ नोव्हेंबर १९९८

आर्नुल्फ,

‘प्रिय’ मुद्दाम लिहिलेलं नाही.

तुझ्या अत्यानंदाचं पत्र मी भर बैठकीत उघडलं आणि मला पाणी मागवावं लागलं. तू पुस्तकात छापणार की आजोबांनी युद्धात क्रॉस ठोकले, आणि मी त्याच सुमारास दारावर लिहिणार की फक्त बटणं बनवली? नऊ वर्षं, आर्नुल्फ! नऊ वर्षांत किती सभा, किती कॉफ्या आणि महापौरांच्या बायकोचे किती कोरडे केक पोटात गेले, तुला कल्पना नाही.

मला आजोबांनी मांडीवर बसवून सांगितलंय, ‘बटणं, पोरी, बटणं.’ तो साचा त्यांनी युद्धानंतर भंगारात घेतला असणार. तेव्हा अख्खा जर्मनी भंगारात मिळत होता. म्हातारा काटकसरी, त्याला साच्याचा काय धर्म! मिळाला, वापरला, वर टोपी बसवली.

आणि तुमचा तो छंद! मागच्या वर्षी तुझ्याबरोबर पदकवाल्यांच्या त्या मेळ्याला आले होते. कायद्यानं मधलं नाझी स्वस्तिकाचं चिन्ह दाखवता येत नाही म्हणून प्रत्येक क्रॉसवर कागदाची टिकली चिकटवलेली. अडीचशे मोठी माणसं टिकल्यांकडे वाकून वाकून बघत होती, आणि टिकलीखाली काय आहे ते प्रत्येकाला ठाऊक. मूर्ख मंडळ आम्ही म्हणे!

ते प्रकरण काढून टाक. आत्या आज असती तर तिनं तुझा कान धरला असता.

गिझेला


हॅनोवर, २ डिसेंबर १९९८

प्रिय गिझेला,

माझ्याकडून ‘प्रिय’ कायम आहे, नोंद घ्यावी.

प्रकरण निघणार नाही. कारण सांगतो, म्हणजे तुला मी नुसता हेकट वाटणार नाही. ड्युसेलडॉर्फचा एक दंतवैद्य आहे, आमच्या मेळ्यातला. गेली सहा वर्षं तो बाबांच्या क्रॉसकडे बघून म्हणतो, ‘शेपर्स, कडीवर आकडा नाही, निर्माता नाही, हा मला काही बरा दिसत नाही.’ दाढेकडे बघावं तसा बघतो. माझ्या कपाटात तीनशेहून अधिक पदकं आहेत, पण हे सगळं मी त्या एका क्रॉसपायी सुरू केलं. निर्माता सापडला की त्याचं तोंड कायमचं बंद. बाबांसाठी एवढंच मला करता येण्यासारखं आहे.

भंगाराचं म्हणशील तर ते सिद्ध कर. पुरावा दे, मी छापतो. तुझ्याकडे मंडळाची सगळी जुनी पदकं मखमलीच्या फळीवर लावलेली आहेत ना? भिंग घे आणि बघ.

आणि एक प्रश्न, राग मानू नकोस. ती बटणं तरी कुणाच्या कोटाला लागली? शाळकरी पोरांच्या?

तुझा,
आर्नुल्फ


मॉयसबाख, १० डिसेंबर १९९८

परमप्रिय आर्नुल्फ,

भिंग घेतलं! बघितलं! आता तू बस खाली.

आजोबांनी १९५० ते १९५५ अशी सहा वर्षं एकच चौकट वापरली, मधली टोपी तेवढी दरसाल बदलली. सहाही पदकं माझ्या फळीवर आहेत. चपटा मणी सहांवर आहे, मान्य. पण तुझी ती लाडकी गाठ? १९५० च्या पदकावर नाही. ५१ वर नाही. ५२ वर नाही. ५३ वर केसासारखी रेघ. ५४ वर रेघ जाड झालीय. आणि ५५ वर खसखशीचा दाणा! मी चष्म्यावर भिंग धरून बघितलं, मग आमच्या फार्मासिस्टला बोलावून त्याच्याकडून बघून घेतलं.

तडा वाढतो, कधी बुजत नाही. हे कोण म्हणालं? कस्टम्सचे शेपर्स साहेब म्हणाले, अकरा पानं!

म्हणजे साचा तडकला तो १९५३ मध्ये, शांततेच्या काळात, विदूषकांच्या टोप्या ठोकता ठोकता. तुझ्या ४३ च्या हिवाळ्याचं आता काय ते तू बघ. माझे आजोबा सुटले. आज संध्याकाळी मी बटाट्याच्या धिरड्यांवर सफरचंदाचा मुरंबा घेऊन साजरं करणार आहे.

विजयी,
गिझेला


मॉयसबाख, ८ जानेवारी १९९९

प्रिय आर्नुल्फ,

नाताळचं कार्ड नाही, नव्या वर्षाचा फोन नाही. बत्तीस वर्षांत प्रथमच. फोन करते तर तुझी बायको म्हणते, ‘ते कपाटासमोर बसलेत,’ आणि ठेवते.

धिरडी खाता खाताच माझ्या डोक्यात उजेड पडला होता. गाठ जर ५५ ची, तर तुझ्या बाबांचा क्रॉसही ५५ चा. मी आजोबांना सोडवायला निघाले आणि त्याच दोरीनं एवाल्ड आतोबांना बांधलं. तुला ते पहिल्या ओळीतच दिसलं असेल. मला ‘विजयी’ अशी सही करताना जराही दिसलं नाही. फार वाईट वाटतं रे.

आता माझं ऐक, म्हणजे आपली फिट्टंफाट होईल.

नाताळात केक कापला. आजीचं ते केक वाढायचं चांदीचं उलथनं आठवतं? आजोबांनी लग्नात तिला स्वतः घडवून दिलेलं, १९१९ सालचं. त्याच्या दांड्यावर मण्यांची नक्षी आहे. महापौरांची बायको समोर बसलेली, मी तिला केक वाढतेय, आणि माझी नजर दांड्यावर गेली. चौथा मणी चपटा. पुढचे तीन नीट, मग पुन्हा चपटा. एका ठोक्यात चार मणी उठवायचा आजोबांचा पोगरच तसा होता. म्हणजे तो साचा भंगारातला नाही, तो आजोबांच्या हातचा. आणि तुझ्या विधवेचा क्रॉस, सरकारी कागदासकट, १९४२ चा. तेव्हा त्यांनी युद्धातही ठोकले आणि युद्धानंतरही ठोकले. मला मांडीवर बसवून खोटं सांगितलं. मी ते संगमरवरात कोरायला दिलंय.

केकचा तुकडा बाईंच्या मांडीवर पडला. मी म्हटलं, हात थरथरतो हल्ली.

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. पाटी पाच आठवड्यांत लागेल. काय करू?

तुझी,
गिझेला


हॅनोवर, २० जानेवारी १९९९

प्रिय गिझेला,

तुझ्या डिसेंबरच्या पत्रानंतर मी बाबांचा क्रॉस आणि तुझं ५५ चं पदक शेजारी ठेवलं. गाठ तंतोतंत एक. तुझ्या टोपीच्या आणि बाबांच्या शौर्याच्या मध्ये फार तर आठवड्याचं अंतर असेल. मी सगळ्या पळवाटा शोधल्या. माझ्याच पुस्तकानं एकेक बंद केली. पुस्तक चांगलं झालंय, त्याबद्दल वाद नाही.

मग मला एक गोष्ट आठवली. आठवली म्हणजे, ती मी कधीच विसरलो नव्हतो, फक्त तिचा अर्थ भलताच लावून ठेवला होता.

आम्ही तेव्हा मॉयसबाखलाच राहायचो. मी आठ वर्षांचा. शेजारचा मान्फ्रेड काडेपेटीच्या मोठ्या खोक्यातून त्याच्या बापाचा क्रॉस शाळेत घेऊन आला. सगळी पोरं त्याच्याभोवती. मला म्हणाला, ‘तुझा बाप काय करत होता? पाव मळत होता! माझे बाबा म्हणतात, शेपर्सनं रशियन लोकांवर पीठ उडवलं.’ खरंच होतं ते. बाबा फौजेच्या भटारखान्यात होते. हे मी तुला कधी लिहिलं नाही, ‘आघाडीवर’ असंच लिहिलं. भटारखाना आघाडीच्या मागेच असतो म्हणा.

मी घरी गेलो नाही. रडत रडत आजोबांच्या कारखान्यात गेलो आणि विचारलं, माझ्या बाबांना क्रॉस का नाही? आजोबा साच्यापाशी उभे होते, कार्निव्हलची घाई चालली होती. त्यांनी माझं नाक आपल्या फडक्यानं पुसलं, फडक्याला तेलाचा वास होता. म्हणाले, ‘नाही कसा? आहे की. दुरुस्तीला आलाय माझ्याकडे. शनिवारी देतो.’

शनिवारी खरंच दिला. सगळे जेवायला बसलो होतो. आजोबा बाबांना म्हणाले, ‘घे जावई, झाला दुरुस्त.’ बाबांचा चेहरा उतरला. ते आईकडे बघत राहिले, मग आजोबांकडे, मग माझ्याकडे. मी किती हसत होतो ते मला अजून आठवतं. बाबा म्हणाले, ‘बरं झालं. मला वाटलं हरवला.’ आणि उठून खणात ठेवला. मरेपर्यंत एकदाही लावला नाही. १९५७ पासून चिन्ह काढून लावायची परवानगी मिळाली, गावोगाव नव्यानं घडवून घेतले लोकांनी, बाबांनी नाही. मी त्याला विनय समजत आलो. माझ्या मित्रांना सांगत आलो, बघा, खरा शूर माणूस कसा असतो.

मान्फ्रेडला मी सोमवारी दाखवला होता. त्यानं आपल्या बापाचा पुन्हा शाळेत आणला नाही.

दंतवैद्याला पहिल्यापासून दिसत होतं. मला चीड त्याची नाही, माझी येते. सव्वीस वर्षं नकली माल पकडतोय, आणि स्वतःच्या घरातला माल तेवढा तपासायचा राहिला.

तुझ्या पाटीचं काय करायचं, मला सुचत नाही. मी आता कुणाला सल्ला द्यावा असं राहिलेलं नाही. तू म्हणशील तर ते प्रकरण काढून टाकतो.

आर्नुल्फ


मॉयसबाख, १८ फेब्रुवारी १९९९

प्रिय आर्नुल्फ,

काल राखेचा बुधवार झाला, कपाळावरची राख अजून पुरती गेलेली नाही. आला असतास तर बरं झालं असतं. आता जे झालं ते सांगते, आणि शपथेवर सांगते.

प्रकरण काढू नकोस, हे आधी. तुझं पत्र मी उशाशी ठेवून झोपत होते. मग शनिवारी, पाटीच्या आदल्या दिवशी, मोठ्या बैठकीत मी स्वतः पिंपात उतरले. आमच्यात पिंपात उभं राहून भाषण करायची रीत आहे, आणि पिंपातून बोललेल्यावर कुणी रागवायचं नाही, हाही नियम. मनात म्हटलं, गिझेला, याहून सोयीची जागा तुला मिळायची नाही.

मी सगळं सांगितलं. म्हटलं, ‘मॉयसबाखकरांनो, माझ्या आजोबांनी युद्धभर क्रॉस ठोकले! हरल्यावर त्याच साच्यात, त्याच चौकटीत, मधल्या चिन्हाच्या जागी विदूषकाची टोपी बसवली, आणि तुम्ही सगळ्यांनी ती छातीवर मिरवली!’ बँडनं ढँण-ढँण-ढँण वाजवलं, विनोदानंतर वाजवतात तसं. सभागृह कोसळलं हसून. मी ओरडले, ‘अहो, हे खरं आहे!’ ढँण-ढँण-ढँण. ‘उद्याची पाटी खोटी आहे, तिच्यावर टोपी बसवा!’ महापौर टेबलावर डोकं ठेवून हसत होते. मी रडायला लागले, तर पोटं धरून हसले. आर्नुल्फ, मला यंदाच्या सर्वोत्तम भाषणाचं बक्षीस मिळालं.

रविवारी पाटी लागली. ‘फक्त बटणं.’ महापौरांनी माझ्या कानात म्हटलं, ‘काल काय कमाल केलीत तुम्ही! माणसाला आपल्याच आजोबांवर हसता आलं पाहिजे.’

पण एक सांगायचं राहिलं. पहिल्या रांगेतले म्हातारे हसले नव्हते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, सावकाश. पाटीनंतर त्यातला एक माझ्याजवळ आला. मी म्हटलं, काल मी थट्टा करत नव्हते. तो म्हणाला, ‘ठाऊक आहे, गिझेला. आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. तुला ठाऊक नाही, हे तेवढं आम्हाला ठाऊक नव्हतं.’ आणि एक डोनट घेऊन निघून गेला.

म्हणजे नऊ वर्षं मी गावाला पटवत होते, आणि गाव मला सांभाळून घेत होतं.

तू छाप. जसं आहे तसं छाप, युद्धातलंही आणि नंतरचंही. निदान तुझं पुस्तक उघडून कुणी ढँण-ढँण-ढँण वाजवणार नाही. सोबत आजोबांच्या डब्यात सापडलेली एक सुटी टोपी पाठवतेय, कुठल्याच पदकावर न बसवलेली. एवाल्ड आतोबांच्या क्रॉसवर बसवायची तर बसव, नाहीतर ठेवून दे.

तुझी,
गिझेला


हॅनोवर, १ मार्च १९९९

प्रिय गिझेला,

टोपी मिळाली. क्रॉसवर धरून पाहिली, बरोबर मधोमध बसते, तेवढ्यासाठीच घडवलेली असणार. पण बसवली नाही. आजोबांनी बाबांना टोपी दिली नव्हती, मग मी कोण?

पुस्तक शुक्रवारी छापखान्यात गेलं. ‘लांगेल, मॉयसबाख’ या प्रकरणात सगळं आलंय, उलथन्यासकट. अकरा पानांची दोन झाली. दंतवैद्याला मी स्वतः फोन केला आणि तुमचं बरोबर होतं म्हणालो. तो इतका गोंधळला की माझ्या दाढेची चौकशी करायला लागला. पुढच्या वर्षी मी येईन. टोपी घालीन, पण नाचणार नाही.

बाबांचा क्रॉस कपाटातून काढून खणात ठेवला, ते ठेवायचे तसा. पण यादीतून काढला नाही. माझ्या यादीत प्रत्येक पदकापुढे तीन गोष्टी लिहायच्या असतात: निर्माता कोण, साल कुठलं आणि कशाबद्दल दिलं. बाबांच्या क्रॉसपुढे इतकी वर्षं मी ‘अज्ञात, १९४३, शौर्य’ असं लिहून ठेवलं होतं. काल ते खोडून नवं लिहिलं.

निर्माता: आजोबा. साल: १९५५. कशाबद्दल: मी रडत होतो म्हणून.

तुझा आतेभाऊ,
आर्नुल्फ